लष्करी अकादमीतल्या हुशार कॅडेटसाठी संशोधनावर भर देणारी कला शाखेची पदवी: आपल्याकडे अशी सोय आहे का, आणि ती असावी का?

नौपाड्याची_आत्या

नमस्कार. घरातल्या एका प्रश्नावरून निघालेला विषय येथे मांडते आहे.

माझ्या बहिणीचा मुलगा जन्माने ऑस्ट्रेलियाचा नागरिक असून कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन डिफेन्स फोर्स अकॅडमीत शिकतो. ही अकादमी १९८६ मध्ये सुरू झाली. तिथे लष्करी शिक्षण संरक्षण दल देते आणि पदवीचे शिक्षण न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या अखत्यारीत चालते. अभ्यासात पुढे असणाऱ्या मोजक्या कॅडेटना संरक्षणदलप्रमुखांच्या नावाने चालणाऱ्या एका योजनेत निवडले जाते. त्यांना पदवीच्या काळातच एका प्राध्यापकाच्या देखरेखीखाली स्वतंत्र संशोधन करावे लागते. ही सोय केवळ विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या मुलांपुरती नाही. कला शाखेतल्या, म्हणजे इतिहास किंवा राज्यशास्त्र घेतलेल्या कॅडेटलाही ती मिळते, याचे मला फार अप्रूप वाटले. भाच्याने इतिहास घेतला आहे आणि ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलचे संग्रहालय त्याच्या अकादमीच्या शेजारच्याच भागात असल्यामुळे मूळ कागदपत्रे पाहण्याची त्याची चांगली सोय झाली आहे.

इकडे माझ्या भावाची मुलगी ठाण्यातल्याच एका महाविद्यालयात बारावी कला शाखेत आहे. इतिहास आणि राज्यशास्त्रात तिला उत्तम गुण मिळतात आणि तिला सैन्यात अधिकारी व्हायचे आहे. मावसभावाचे, खरे तर आत्तेभावाचे, सगळे ऐकून तिने मला विचारले की खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतही असे काही आहे का. मला उत्तर देता आले नाही. गणित तिने दहावीनंतर सोडले आहे, ही आणखी एक अडचण. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. आणि एक मूळ शंकाही आहे: पलटण सांभाळायला निघालेल्या तरुणाला संशोधनाचा खरोखर उपयोग होतो, की ही केवळ हुशार मुलांची शोभा आहे?

खारघर_निवृत्त

ताई, मी खडकवासल्याचा माजी विद्यार्थी आणि पायदळातून निवृत्त झालेला अधिकारी आहे, म्हणून आधी वस्तुस्थिती सांगतो आणि मत नंतर देतो.

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, तीन वर्षांच्या सहा टर्म असतात आणि पदवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची मिळते. त्यात बी. ए. आहे, बी. एस्सी. आहे, संगणकशास्त्राची बी. एस्सी. आहे, आणि २०१८ पासून नौदल व हवाई दलाच्या कॅडेटसाठी बी. टेक. सुरू झाले आहे. बी. ए.च्या मुलांना इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल हे विषय मिळतात, शिवाय परदेशी भाषाही शिकता येते. शिकवणाऱ्यांत नागरी प्राध्यापक मोठ्या संख्येने असतात आणि त्यांच्यातले अनेक जण स्वतः पीएच. डी. झालेले असतात. मात्र आपण वर्णन केलेल्या प्रकारची, निवडक कॅडेटना स्वतंत्र गाईड देऊन संशोधन करून घेणारी वेगळी पदवी तिथे नाही.

बाहेरच्या माणसाला तिथल्या दिवसाची कल्पना येत नाही. पहाटे उजाडायच्या आत फॉल-इन, मग पी. टी. किंवा ड्रिल, नाश्ता, वर्ग, दुपारनंतर मैदान आणि संध्याकाळी ठरलेला अभ्यासाचा तास. पहिल्या टर्मच्या मुलाला तर एका पोशाखातून दुसऱ्या पोशाखात शिरण्यापलीकडे काही सुचत नाही. त्यात सीनियरांचा रगडा असतो, क्रॉस कंट्री असते, घोडेस्वारी असते, बॉक्सिंग असते, आणि वरच्या टर्ममध्ये डोंगरातले कॅम्प असतात. सकाळी सोळा किलोमीटर पळून आलेला मुलगा अर्थशास्त्राच्या तासाला ताठ बसून डोळे उघडे ठेवतो, हीच त्या वयात मोठी साधना असते. संशोधनाला लागणारी गोष्ट म्हणजे रिकामा, कोणी हिशेब न मागणारा वेळ, आणि अकादमीत नेमकी तीच गोष्ट शिल्लक ठेवलेली नसते. तो दोष नाही, ती पद्धतच तशी जाणीवपूर्वक आखलेली आहे.

म्हणून माझे मत असे की संशोधन अवश्य करावे, पण खांद्यावर स्टार लागल्यानंतर. आमच्याकडे त्याची वाट आहे. वेलिंग्टनच्या डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेजात निवड झालेल्या अधिकाऱ्याला मद्रास विद्यापीठाची संरक्षण व सामरिक अभ्यासातील एम. एस्सी. मिळते. युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन ही संस्था १८७० पासून आहे आणि तिची सुवर्णपदक निबंध स्पर्धा जवळपास तितकीच जुनी आहे. माजी लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे पुण्याचेच. एनडीए आणि देहरादूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीतून घडलेल्या या अधिकाऱ्याने नोकरीत असताना संरक्षण अभ्यासातील पदव्युत्तर पदवी आणि पुढे एम. फिल. केले. तोपर्यंत माणसाने सीमा पाहिलेली असते, जवानांची सुखदुःखे पाहिलेली असतात, आणि कोणता प्रश्न विचारण्याजोगा आहे हे त्याला कळू लागलेले असते.

कळवा_पूर्व

मी अभियंता आहे, त्यामुळे हा प्रश्न थोड्या कोरड्या नजरेने पाहतो. ब्रिटिशांच्या सँडहर्स्टमध्ये पदवी दिलीच जात नाही. नियमित अधिकाऱ्यांचा तिथला अभ्यासक्रम ४४ आठवड्यांचा असतो आणि येणारे बहुतेक जण आधीच कुठल्यातरी विद्यापीठाचे पदवीधर असतात. विद्यापीठाने विद्यापीठाचे काम करावे, अकादमीने अकादमीचे, ही विभागणी मला स्वच्छ वाटते. सरकारी खर्चाने अधिकारी घडवायचा आणि त्याच खर्चातून त्याला इतिहासाचा अभ्यासकही करायचे, यात दोन्ही कामे अर्धी राहण्याचा धोका आहे.

दुसरे असे की संशोधक अधिकाऱ्याचे उदाहरण म्हणून नेहमी अमेरिकेच्या जनरल पेट्रेअस यांचे नाव पुढे येते. व्हिएतनाम युद्धातून अमेरिकी लष्कराने काय धडे घेतले या विषयावर १९८७ मध्ये प्रिन्स्टनला त्यांनी पीएच. डी. केली आणि पुढे २००६ च्या बंडखोरीविरोधी युद्धाच्या लष्करी पुस्तिकेचे काम त्यांच्या पुढाकाराने झाले. सर्व मान्य. पण अफगाणिस्तानात शेवटी काय झाले तेही आपण २०२१ मध्ये पाहिले. प्रबंध चांगला असणे आणि युद्ध जिंकणे यांचा संबंध इतका सरळ नाही.

इतिहासाचा_मास्तर_वाशी

कळवेकरांचा शेवटचा मुद्दा योग्य आहे, परंतु तो जितका संशोधनाविरुद्ध जातो तितकाच ड्रिलविरुद्धही जातो. उत्तम परेड करणाऱ्या सैन्यांनीही युद्धे हरलेली आहेत, म्हणून कोणी परेड बंद करा असे म्हणत नाही. एका युद्धाच्या निकालावरून शिक्षणाच्या एका अंगाची किंमत ठरवता येत नाही. त्या अंगाने माणसात कोणती सवय लागते, एवढेच पाहता येते.

मी महाविद्यालयात अनेक वर्षे इतिहास शिकवतो. पदवीच्या मुलाकडून संशोधन करून घेणे म्हणजे नेमके काय, हे आपल्या ठाण्याच्याच उदाहरणाने सांगतो, कारण ‘संशोधन’ म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर जाड प्रबंध आणि न संपणाऱ्या तळटीपा येतात.

ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह ज्या किल्ल्यात आहे, तो पोर्तुगीज बांधत असतानाच १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीवर स्वारी केली आणि काम अर्धवट असलेला तो किल्ला घेतला. पुढे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. एवढे सगळ्यांना पाठ असते. आता वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला मी असा प्रश्न देईन: हल्ला होण्याआधी पोर्तुगीज अधिकाऱ्यांना काय काय माहीत होते, ते त्यांना कधी कळले, आणि कळूनही त्यांनी काय केले नाही? हा प्रश्न एका पुस्तकातून सुटत नाही. पेशवे दफ्तरातली मराठी पत्रे मोडी लिपीत आहेत. पोर्तुगीज कागद गोव्यात आणि लिस्बनला आहेत. साष्टीच्या खाडीपलीकडे मुंबईत बसलेले इंग्रज आपल्या वखारीच्या नोंदींत जे लिहीत होते, ते पाहायचे तर एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतले राज्य पुराभिलेखागार गाठावे लागते. तीन बाजूंचे तीन कागद एकमेकांशी जुळत नाहीत. जिंकणारा आकडा फुगवतो, हरणारा दोष दुसऱ्यावर ढकलतो, आणि काठावरून पाहणारा आपल्या व्यापाराला सोयीचे तेवढेच टिपतो. विद्यार्थ्याला यातून एक निष्कर्ष काढावा लागतो आणि त्याबरोबर हेही लिहावे लागते की या निष्कर्षातला कोणता भाग पक्का आहे आणि कोणता अंदाजाचा.

आता मला सांगा, रात्री दोन वाजता तीन चौक्यांकडून तीन वेगवेगळे संदेश आलेल्या लेफ्टनंटला याहून वेगळे काय करायचे असते? अभियांत्रिकीत प्रश्न बहुतेक वेळा नीट मांडलेला मिळतो. मानव्यविद्येत प्रश्नही धड मांडलेला नसतो आणि साक्षीदार खोटे बोलत असतात. अधिकाऱ्याचे पुढचे आयुष्य या दुसऱ्या प्रकारात जाते, असे मला बाहेरून तरी दिसते. खारघरच्या साहेबांनी चूक असेल तर दुरुस्त करावी.

खारघर_निवृत्त

चूक नाही, मास्तर. उलट ‘सिच्युएशन रिपोर्ट’ लिहिताना माहिती आणि अंदाज वेगळे लिहावेत हे आम्हाला वर्षानुवर्षे घोकवले जाते आणि तरी ते अनेकांना साधत नाही.

पण तुमच्या उदाहरणात एक गोष्ट सुटली आहे. तुमचा विद्यार्थी मास्तरांना ‘सर, तुम्ही वर्गात सांगितले ते या पत्राशी जुळत नाही’ असे म्हणू शकतो, आणि तसे म्हटल्याबद्दल त्याला गुण मिळतात. कॅडेटचे पहिले वर्ष हुकूम झाला की शरीराने आधी हालायचे आणि डोक्याने नंतर विचार करायचा, हे शिकण्यात जाते. गोळीबारात यावर जीव वाचतात, म्हणून ते शिकवलेच पाहिजे. सकाळी ड्रिल स्क्वेअरवर एक वृत्ती आणि दुपारी ग्रंथालयात नेमकी तिच्याविरुद्ध वृत्ती, हे एकोणीस वर्षांच्या मुलाला झेपते का? काहींना झेपते. बहुतेकांच्या बाबतीत एक वृत्ती दुसरीला खाते, आणि अकादमीत कोणती जिंकते हे सांगायला नको.

बेलापूरची_आई

माझा मुलगा सध्या खडकवासल्याला चौथ्या टर्ममध्ये आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. त्याला वाचनाची आवड घरापासूनच आहे. पहिल्या वर्षी त्याच्या फोनमध्ये जेवण, झोप आणि पायाचे फोड याशिवाय विषयच नसे. आता मात्र परिस्थिती बदलली आहे. वरच्या टर्मला थोडी मोकळीक मिळते आणि परराष्ट्र धोरणावर एका प्राध्यापकांशी होणाऱ्या चर्चांविषयी तो भरभरून बोलतो. त्यामुळे साहेबांनी लिहिलेली वेळेची अडचण मला पहिल्या दोन टर्मपुरती शंभर टक्के पटते, पण सहाही टर्मना सरसकट लागू करणे पटत नाही.

ऐरोली_राज्यशास्त्र

मी आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात पीएच. डी. करते आहे, म्हणून विद्यापीठीय नियमांची बाजू मांडते. ती न पाहता ही चर्चा पूर्ण होणार नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा जो आराखडा जाहीर केला, त्यानुसार तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिटची आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी १६० क्रेडिटची आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ हा मार्ग घेता येतो आणि त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. अशी चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांसह पूर्ण केलेल्याला एम. ए. न करता थेट पीएच. डी.च्या प्रवेशासाठी पात्र धरले जाते. म्हणजे हुशार विद्यार्थ्याला पदवीतच संशोधन करू द्यावे ही कल्पना आता परदेशी राहिलेली नाही. नागरी विद्यार्थ्याला ती उपलब्ध आहे. कॅडेट मात्र तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडतो आणि त्याचे चौथे वर्ष देहरादूनच्या लष्करी प्रशिक्षणात जाते. या अर्थाने नव्या व्यवस्थेत सैन्यातला हुशार मुलगा आपल्याच वयाच्या नागरी मुलाच्या एक पाऊल मागे राहतो, आणि पुढे एम. फिल.सारख्या पदव्याही आता बंद झाल्यामुळे ते पाऊल भरून काढणे सोपे राहिलेले नाही.

याला उत्तर म्हणून ‘अकादमीची रचना बदलता येत नाही’ असे कोणी म्हटले तर मी २०१८ कडे बोट दाखवीन. नौदल आणि हवाई दलाला तांत्रिक पदवी असलेले अधिकारी हवे होते, तेव्हा तीन वर्षे खडकवासल्यात आणि चौथे वर्ष एळिमलाच्या नौदल अकादमीत किंवा हवाई दलाच्या अकादमीत अशी बी. टेक.ची जोडणी करण्यात आली. गरज पटली आणि वाट काढली गेली. कला शाखेच्या बाबतीत तशी गरज कोणाला पटलेली नाही, असे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल.

परदेशांतही एकच नमुना नाही. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंटला इतिहास हा मुख्य विषय घेतलेल्या कॅडेटलाही पदवी ‘बॅचलर ऑफ सायन्स’ हीच मिळते, इतका तिथल्या अभियांत्रिकी परंपरेचा पगडा आहे; तरीही शेवटच्या वर्षी प्रबंध लिहिण्याची सोय तिथे आहे. ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत १९६३ पासून ‘ट्रायडेंट स्कॉलर’ योजना चालते आणि तीत निवडलेल्या थोड्या विद्यार्थ्यांचा शेवटच्या वर्षातला मोठा वेळ स्वतंत्र संशोधनासाठी राखून ठेवला जातो. कॅनडाच्या किंग्स्टन येथील रॉयल मिलिटरी कॉलेजला तर १९५९ पासून स्वतः पदव्या देण्याचा अधिकार आहे. यांतल्या कोणत्याही ठिकाणी सगळ्यांना संशोधक करण्याचा आग्रह नाही. थोड्यांसाठी दार उघडे ठेवले आहे, एवढेच.

कळवा_पूर्व

ऐरोलीकरांची २०१८ ची तुलना मला विचार करायला लावणारी वाटली. तरी एक व्यावहारिक प्रश्न राहतो. भारतात लष्करी विषयावर संशोधन करायचे तर कागद कुठून आणायचे? १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल आजही अधिकृतपणे खुला झालेला नाही. नागरी अभ्यासकालाच जिथे दार बंद, तिथे गणवेशातला विद्यार्थी काय लिहिणार? आणि लिहिलेच, तर पुढे नोकरीत ते त्याच्या अंगावर येणार नाही याची हमी कोण देणार?

इतिहासाचा_मास्तर_वाशी

हा या धाग्यातला सर्वांत कठीण प्रश्न आहे, आणि माझ्या मते कॅडेटच्या दिनक्रमापेक्षा खरी अडचण इथेच आहे. संशोधन शिकवायचे तर विद्यार्थ्याच्या हातात मूळ कागद पडला पाहिजे. दुय्यम पुस्तके वाचून तिसरे पुस्तक लिहिणे ही सवय आपल्या विद्यापीठांतच इतकी मुरलेली आहे की तीच अकादमीत नेऊन लावायची असेल तर न नेलेली बरी.

मात्र चित्र अगदीच अंधारे नाही. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धे आणि मोहिमांच्या इतिहासाविषयी एक धोरण जाहीर केले. त्यानुसार तिन्ही दलांनी युद्धदैनंदिन्या आणि मोहिमांच्या नोंदी मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे सोपवायच्या आहेत, युद्ध संपल्यापासून पाच वर्षांत त्याचा इतिहास संकलित व्हायचा आहे, आणि कागद साधारणपणे पंचवीस वर्षांत खुले करण्याचा विचार व्हायचा आहे. कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही युद्धांचा इतिहास लिहिला जावा असे सुचवले होते. धोरणाची अंमलबजावणी कितपत होते हे पुढच्या पिढीला दिसेल, पण कागद खुले झाले तरी ते वाचायला शिकलेले हात लागतील. लष्कराची भाषा, संक्षेप, नकाशे, हुकमांची उतरंड हे सगळे ज्याला आतून माहीत आहे आणि ज्याला साधनांची चिकित्साही येते, असा माणूस नागरी विद्यापीठात क्वचितच तयार होतो.

तोपर्यंत गोपनीयतेच्या वाटेला न जाणारे विषय कमी नाहीत. एनडीए खडकवासल्याला आहे, म्हणजे पेशवे दफ्तर ज्या पुण्यात आहे त्याच्या उंबरठ्यावर. १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ तिथेच आहे. मराठ्यांचे आरमार, घाटातली रसद, १७७९ ची वडगावची लढाई, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या मराठा पलटणी, परतलेल्या जखमी शिपायांची पेन्शन, यांतल्या कोणत्याही विषयावर कॅडेटला लिहिण्यास आडकाठी नसावी. पाचव्या आणि सहाव्या टर्मला दहा-बारा निवडक मुलांना एखादा मैदानी तास माफ करून आठवड्यातली एक दुपार दफ्तरात बसू दिली, जोडीला मोडी शिकवली आणि शेवटी त्यांच्याकडून चाळीस पानांचा निबंध लिहून घेतला, तर त्यासाठी नवी पदवीही काढावी लागणार नाही. वडगावला इंग्रज फौज पुण्याच्या इतक्या जवळ येऊन का अडकली हे मूळ पत्रांतून शोधणारा कॅडेट रसदीचा जो धडा शिकेल, तो त्याला व्याख्यानातून मिळणार नाही.

मी अनेकदा ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जातो. १८९३ पासूनची ही संस्था आहे, आणि तिथे निवृत्त सैनिकांनी आपापल्या पलटणीविषयी काही शोधत बसलेले मी पाहिले आहे. साठीत जी ओढ वाटते तिची सोय विसाव्या वर्षी का करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

खारघर_निवृत्त

मैदानी तास माफ करण्याचे सोडून बाकी मान्य. तास माफ केलेल्या मुलाकडे स्क्वाड्रन कोणत्या नजरेने पाहते हे मला माहीत आहे. त्याच्या निबंधाला पदक मिळेल पण सोबत्यांत त्याचा मान जाईल, आणि अकादमीत तो मान पदकाहून महागाचा असतो. रविवारची लिबर्टी, म्हणजे बाहेर जायची मोकळीक, द्या, सुटीतला महिना द्या, कॅम्पवरून परत आल्यावरचा आठवडा द्या. वडगाव तर तळेगावच्या वाटेवरच आहे, तिथे मुलांना पायी घेऊन जा आणि रसदीचा हिशेब जमिनीवर करायला लावा. पण सोबत्यांपासून वेगळे काढू नका.

आणखी एक गोष्ट नियमांत बसत नाही पण महत्त्वाची आहे. अशा योजनेत निवड झालेल्या मुलाला पुढे पहिली दहा वर्षे इतरांप्रमाणेच पलटणीत काढावी लागली पाहिजेत. त्याला लगेच मुख्यालयात फायलींवर बसवले तर संशोधनही सुकेल आणि अधिकारीही.

ऐरोली_राज्यशास्त्र

साहेबांच्या या अटीला माझी पूर्ण संमती आहे. मात्र सुटीतल्या महिन्यात आणि रविवारी केलेल्या कामाला विद्यापीठाने क्रेडिट द्यावे, हा आग्रह मी सोडणार नाही. ज्याची गुणपत्रिकेत नोंद नाही ते काम पुढच्या बॅचला कोणी करत नाही आणि दोन वर्षांत ती योजना एखाद्या उत्साही प्राध्यापकाच्या बदलीबरोबर संपते.

नौपाड्याची_आत्या

सर्वांचे आभार. मी ही चर्चा भाचीला वाचायला दिली. मास्तरांचा ठाण्याच्या किल्ल्याचा प्रश्न तिला इतका आवडला की मोडी कुठे शिकता येईल याची चौकशी तिने सुरू केली आहे. परंतु तिचा मुख्य प्रश्न अजून सुटलेला नाही. गणित सोडलेल्या, कला शाखेच्या मुलीने आता एनडीएच्या मागे लागावे, की आधी पदवी घ्यावी? घरात दोन मते आहेत. तिचे वडील एनडीएचा प्रयत्न आधी करावा असे म्हणतात, कारण तिथला शिक्का जन्मभर पुरतो असे त्यांना वाटते.

खारघर_निवृत्त

ताई, नीट लिहितो म्हणजे घरात बसून ठरवता येईल.

एनडीएच्या आर्मी विंगसाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते. नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणितासह बारावी लागते. म्हणजे भाचीला दार उघडे आहे ते आर्मीचे. मुलींना परीक्षेस बसण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशाने मिळाली, पहिल्या तुकडीसाठी १९ जागा होत्या आणि त्या तुकडीतल्या १७ मुली मे २०२५ मध्ये उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. त्यानंतर जागा थोड्या वाढल्या, तरी स्पर्धा अतिशय तीव्र आहे. लेखी परीक्षेत गणिताची ३०० गुणांची प्रश्नपत्रिका सर्वांना सक्तीची असते आणि ती अकरावी-बारावीच्या गणितावर असते. सामान्य क्षमता चाचणी ६०० गुणांची, आणि लेखी उत्तीर्ण झाल्यावर एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची, मुलाखत ९०० गुणांची. इंग्रजी, इतिहास, भूगोल यांत भाची पुढे जाईल, पण गणित दोन वर्षे सुटलेले असेल तर तिथे किमान गुण गाठण्यासाठीच तिला खूप जोर लावावा लागेल. वयाची अट अशी की अभ्यासक्रम सुरू होतेवेळी साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे, त्यामुळे तिच्याकडे प्रयत्न मोजकेच आहेत. वडिलांची इच्छा असेल तर एकदा बसू द्यावे, अनुभव वाया जात नाही. त्यासाठी पदवीचा प्रवेश मात्र लांबवू नये.

तिची ओढ खरोखर संशोधनाची असेल तर मी दुसरी वाट सुचवीन. मुंबई विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयात इतिहास किंवा राज्यशास्त्र घेऊन ऐरोलीकरांनी सांगितलेली चार वर्षांची संशोधनासह ऑनर्स पदवी घ्यावी आणि मग चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीसाठी प्रयत्न करावा. तिथे जाण्यासाठी पदवीधरांना द्याव्या लागणाऱ्या सीडीएस परीक्षेत गणिताची प्रश्नपत्रिका नसते. इंग्रजी आणि सामान्य ज्ञान अशा १०० गुणांच्या दोनच प्रश्नपत्रिका असतात आणि पुढे एसएसबी. वयाची मर्यादा साधारण १९ ते २५ आहे, म्हणजे चार वर्षांची पदवी घेऊनही तिला पुरेसा अवधी मिळतो. तिथून शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांची अधिकारीपदाची नोकरी, मिळते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२० च्या निकालानंतर महिलांना पर्मनंट कमिशनसाठीही, म्हणजे कायम नोकरीसाठीही, विचारात घेतले जाते. कळवेकरांनी सँडहर्स्टचे जे वर्णन केले, त्याच्या जवळपास जाणारी आपल्याकडची व्यवस्था हीच: आधी विद्यापीठ, मग अकादमी.

आणखी एक वाट एनसीसीची आहे. ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत मिळवलेल्या पदवीधर मुलामुलींना स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीला बोलावले जाते. पदवीला किमान ५० टक्के गुण लागतात, त्याची भाचीच्या बाबतीत चिंता नाही. मात्र ‘सी’ प्रमाणपत्राची परीक्षा सीनियर विंगच्या तिसऱ्या वर्षी येते, म्हणून पदवीच्या पहिल्याच वर्षी एनसीसीत नाव घातले पाहिजे. दुसऱ्या वर्षी सुचले तर हिशेब बिघडतो. महाविद्यालय निवडताना तिथे मुलींसाठी आर्मी विंगचे युनिट आहे का, आणि चौथ्या वर्षीच्या संशोधनासाठी इतिहास विभागात मान्यताप्राप्त गाईड आहे का, या दोन्ही गोष्टी प्रवेश घेण्यापूर्वीच कार्यालयात जाऊन विचाराव्यात. माहितीपत्रकावर विसंबू नये.